आजीच्या विड्या, मुलीची वही

प्रश्न : मी अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचे काम करतो. माझी मुलगी यंदा विज्ञान शाखेतून 71 टक्के गुणांनी बारावी उत्तीर्ण झाली. तिने फार्मसीला जावे अशी आमची इच्छा आहे. ती मात्र मानसशास्त्रात संशोधन करायचे म्हणून हटून बसली आहे. दुसऱ्याच्या मनातले ओळखणे हे शास्त्र कसे असू शकते? नातेवाईक म्हणतात, वेड्यांच्या नादी लागून मुलगी वाया जाईल. माझी आई चाळीस वर्षांपासून विड्या वळते. सबंध मे महिना ही मुलगी तिच्या कामाची आणि झोपेची नोंद एका वहीत करत होती. याला आवड म्हणावे की खूळ, आणि यावर पोट भरते का, हे कळवावे. – एक पालक, सोलापूर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या सहीखाली वेगळ्या शाईने लिहिलेल्या दोन ओळी आपल्या नजरेस आल्या होत्या की नाही, हे मला ठाऊक नाही. त्या अशा आहेत : ‘मॅडम, मला समुपदेशक व्हायचे नाही. आजी ज्या रात्री कमी झोपते त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या विड्या कमी होतात, हे मी शोधून काढले आहे.’ आपल्या पत्राचे उत्तर मी या दोन ओळींपासून सुरू करणार आहे, कारण आपल्या शंकेचे निरसन त्यांतच आहे आणि आपल्या मुलीची पहिली मोठी चूकही त्यांतच आहे.

मनातले ओळखणे हे शास्त्र नाही, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मानसशास्त्रातील संशोधकही मनातले ओळखत नाही. तो मोजता येईल असे काहीतरी शोधतो, ते पुनःपुन्हा मोजतो आणि हाती आलेल्या उत्तरावर स्वतःच संशय घेतो. आपल्या मुलीने रात्रीची झोप तासांत लिहिली आणि दिवसाच्या विड्या हजारांत लिहिल्या, हे मोजणे झाले. संशय घेण्याचे काम तिने केलेले नाही, ते मी येथे करून दाखवते.

तिची नोंद मे महिन्याची आहे. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याखालच्या खोलीत रात्रीही जीव शांत होत नाही, त्यामुळे आजींची झोप मोडणारच. पण त्याच उकाड्यात भिजवून ठेवलेली तेंदूची पाने लवकर सुकतात, वळताना चिरतात आणि टाकून द्यावी लागतात. म्हणजे झोप आणि विड्या एकाच वेळी कमी झाल्या तरी एकीमुळे दुसरी कमी झाली असे ठरत नाही. दोन्हींच्या मागे ऊन असू शकते. याच्या उलट शक्यताही विचारात घ्यावी लागते. पाने कडक आली, हजार पुरे होणार नाहीत आणि नापास विड्यांचे पैसे कापले जातील, या घोरानेच आजींचा डोळा लागत नसेल, तर कारण आणि परिणाम यांची जागाच बदलते. आणि या सर्व नोंदी एकट्या आजींच्या आहेत. गल्लीतल्या इतर वीस बायकांचे काय होते हे आपल्याला ठाऊक नाही. एवढे प्रश्न ज्या वहीतून निघतात ती वही खुळाची नसते. संशोधनाची सुरुवात बहुधा अशीच, चुकलेल्या पहिल्या निष्कर्षाने होते.

या चुका मोठमोठ्यांकडूनही झालेल्या आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून लहान मुलांवर एक प्रयोग केला. मुलासमोर खाऊ ठेवायचा आणि सांगायचे की आत्ता खाल्लास तर एवढाच मिळेल, मी परत येईपर्यंत थांबलास तर जास्त मिळेल. जी मुले थांबली ती पुढे अभ्यासातही सरस निघाली, असे दिसून आले आणि जगभरच्या पालकांनी संयमाचा धडा घेतला. पुढे 2018 मध्ये संशोधकांच्या दुसऱ्या गटाने तऱ्हेतऱ्हेच्या घरांतील नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा थांबणे आणि पुढील यश यांचा संबंध पूर्वीच्या अंदाजाच्या निम्म्यावर आला. आणि घरची परिस्थिती व लहानपणीची बौद्धिक तयारी लक्षात घेतल्यावर तो आणखी बराच आटला. ज्या घरात आठवड्याच्या पगारावर चूल पेटते, तेथील मुलाने समोर आलेले लगेच खाऊन टाकले तर त्याला उतावळे म्हणावे की व्यवहारी, हा प्रश्न मला तरी सोपा वाटत नाही. पण पहा, या शास्त्राने स्वतःच्याच गाजलेल्या प्रयोगाची फेरतपासणी केली आणि तिचा निकाल उघडपणे छापला. 2015 मध्ये तर मानसशास्त्रातील शंभर प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले, आणि त्यांपैकी जेमतेम 36 टक्क्यांच्या बाबतीत पुन्हा ठोस निष्कर्ष हाती आला. काही जण यावरून मानसशास्त्राची टिंगल करतात. मला मात्र ज्या विषयात असा हिशेब तपासला जातो त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. आपणही हिशेबाचेच काम करता, तेव्हा हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

मानवी विकासाच्या अभ्यासाला फार सबुरी लागते. हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढपणापर्यंत पाठपुरावा केला. गरिबी, घरातील भांडणे, आईवडिलांचे आजारपण अशी अनेक संकटे एकाच वेळी ज्यांच्या वाट्याला आली, त्या मुलांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुले पुढे चांगली, कर्ती माणसे झाली. आणि अशा मुलांच्या आयुष्यात जीव लावणारे निदान एक तरी मोठे माणूस, पुष्कळदा आजी किंवा आजोबा, होते असे दिसले. आपल्याकडेही पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून गरोदर स्त्रिया आणि नंतर त्यांची मुले यांचा अभ्यास चालू आहे. त्यातून आईच्या रक्तातील बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता आणि मुलाची नवव्या वर्षीची स्मरणशक्ती व एकाग्रता यांच्यातील संबंधही तपासला गेला. असले काम करणाऱ्यांच्या आयुष्याचा मोठा भाग पत्ते शोधण्यात, रजिस्टर भरण्यात आणि गाव सोडून गेलेल्या कुटुंबांची चौकशी करण्यात जातो. हे आपल्या मुलीला आधीच माहीत असलेले बरे.

नातेवाईकांच्या ‘वेड्यांच्या नादी’ या शब्दांविषयी थोडेच लिहिते. 2015-16 मध्ये बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि विकारागणिक 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. एवढी माणसे ‘ते वेडे’ नसतात. ती आपल्याच आळीत राहतात आणि डोकेदुखीच्या गोळ्या घेत असतात. त्या सर्वेक्षणासाठी निवडलेल्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही लक्षात ठेवावे.

येथे सोलापूरचा एक विशेष मुद्दा येतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नैराश्याची तपासणी करण्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, याला प्रत्येकी शून्य ते तीन गुण असतात आणि एकूण गुण 27. ती मुळात इंग्रजीत तयार झालेली आहे. तिचे मराठी करायचे तर एकाने भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचे, दोन्ही ताडून पाहायची आणि मग चार-दोन माणसांसमोर बसून विचारायचे की या वाक्याचा तुम्हाला काय अर्थ लागला. ‘उदास वाटते का?’ असे विचारले तर आपल्या आई ‘नाही’ म्हणतील. ‘मन लागत नाही का, छातीत धडधडते का, हात चालेनासा होतो का?’ असे विचारले तर कदाचित हातातले विड्यांचे सूप खाली ठेवून बोलू लागतील. ज्या शहरात मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत ऐकू येतात आणि हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, तेथे हे काम तीनही भाषा समजणाऱ्या माणसाशिवाय नीट होणार नाही. आपल्या आडनावावरून घरी तेलुगू बोलत असाल असे दिसते. आपल्या मुलीची ही भांडवलाची बाजू आहे आणि ती कोणत्याही महाविद्यालयात विकत मिळत नाही.

आता पोटाचा प्रश्न. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएस झालेले डॉक्टर असतात, तो मार्ग येथे नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून रुग्णांवर उपचार करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. त्यासाठीच्या अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलत आहे, म्हणून प्रवेशापूर्वी संबंधित अभ्यासक्रमाची मान्यता परिषदेच्या यादीत स्वतः पाहावी, कोणाच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. संशोधनाचा मार्ग लांबचा आहे : पदवी, एम.ए. किंवा एम.एस्सी., नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. चार वर्षांची पदवी 75 टक्के गुणांनी पूर्ण केल्यास थेट पीएच.डी.साठी अर्ज करण्याची तरतूद 2022 च्या नियमांत आहे. नेटमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात; शिवाय आपापल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या योजना आहेत, त्यांच्या अटी आणि जागा मात्र दर वर्षी तपासाव्या लागतात. थोडक्यात, तेविसाव्या-चोविसाव्या वर्षापूर्वी घरात पैसा येण्याची अपेक्षा ठेवू नये आणि अधिछात्रवृत्ती हुकली तर प्रकल्प साहाय्यक, शाळेतील समुपदेशक किंवा सर्वेक्षणाचे काम करण्याची तयारी हवी. आपल्या घराला त्याआधी तिच्या पगाराची निकड असेल, तर ते तिला आजच स्पष्ट सांगा. फार्मसीची पदवी चार वर्षांत हातात पडते, हे तिनेही नाकारू नये.

तरीही माझे मत विचाराल तर तिला मानसशास्त्राला जाऊ द्यावे. माझी अट एकच आहे : पदवीला तिने संख्याशास्त्र सोबत घ्यावे. मानसशास्त्राला गेलेल्या मुली ‘गणित सुटले’ म्हणून सुटकेचा श्वास टाकतात आणि एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी तक्त्यांसमोर रडतात, हे मी अनेक वर्षे पाहत आले आहे. बारावीला गणित होते की केवळ जीवशास्त्र, हे आपण लिहिलेले नाही, ते कळवावे. तसेच घरबसल्या दूरस्थ पद्धतीने पदवी घेण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या, कारण 2025 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे शिक्षण दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देणे थांबवले आहे.

आता वेगळ्या शाईने लिहिणाऱ्या मुलीसाठी. वहीत आणखी तीन रकाने आखून घे : त्या दिवसाचे तापमान, पाने कशी आली, आणि आजीने झोपेपूर्वी कशाची काळजी बोलून दाखवली. शेजारच्या दोघीतिघींच्या नोंदी त्यांना विचारून, त्यांची नावे न लिहिता घे. आणि जून ते सप्टेंबर, ऊन ओसरल्यावरचे महिने, नोंद चालू ठेव. एक गोष्ट मात्र राहून गेली आहे असे मला वाटते. पहिल्या पानावर आजीची परवानगी हवी. ही वही कशासाठी आहे, त्यात काय लिहिले आहे आणि तिला नको असेल तेव्हा ती थांबवता येईल, हे तिला तिच्या भाषेत सांग आणि ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहून घे. ती नाही म्हणाली तर वही बंद कर. हो म्हणाली तर दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन वडिलांसह मला भेटायला ये. तेव्हा आपण तिघे बसून ऊन वेगळे काढू आणि झोपेच्या वाट्याला काय उरते ते पाहू.