मेणबत्ती नियम का पाळत नाही?

प्रश्न : संपृक्त हायड्रोकार्बनची (कार्बन-हायड्रोजनचं संयुग, कार्बनमधले सगळे बंध एकेरी) ज्योत निळी आणि असंपृक्तची (दुहेरी किंवा तिहेरी बंध असलेल्याची) पिवळी, काजळी धरणारी, असं आम्हाला शिकवलंय. मेणबत्तीचं पॅराफिन मेण तर संपृक्त. मग तिची ज्योत पिवळी कशी? – दहावीतली एक वाचक

उत्तर : शाब्बास! वर्गातही विचार हे, सर चिडले तरी चालेल. तुला नियम अर्धाच सांगितलाय. ‘हवा पुरेशी मिळाली तर’ एवढे शब्द त्यातून नेहमी गळतात आणि सगळी मेख तिथेच आहे. परीक्षेत ते आठवणीने लिही.

आधी हिशेब कर. वजनाने मिथेनमध्ये ७५ टक्के कार्बन, इथेनमध्ये ८०, दुहेरी बंधाच्या इथिनमध्ये सुमारे ८६, तिहेरी बंधाच्या इथाइनमध्ये ९२. दुहेरी-तिहेरी बंध आले की हायड्रोजन घटतो, कार्बनचा वाटा वाढतो आणि काजळीची शक्यताही. नियम निघाला तो यातून. आता मेणातला एखादा रेणू घे : कार्बन २५, हायड्रोजन ५२. बंध सगळे एकेरी, तरी कार्बन ८५ टक्के! म्हणजे जवळजवळ इथिनइतकाच.

वातीतून चढलेलं मेण वाफ होऊन जळतं. ज्योतीच्या पोटात हवा फारशी पोचत नाही. तिथल्या उष्णतेने लांब साखळ्या तुटतात आणि कार्बनचे बारीक कण तयार होतात. हजार अंशांच्या वर तापून ते झळाळतात, तोच हा पिवळा उजेड. कडेला हवा भेटली की बहुतेक कण जळून जातात, म्हणून नीट जळणारी मेणबत्ती धूर सोडत नाही.

मोठं कुणी जवळ असताना स्टीलच्या चमच्याची पाठ पिवळ्या भागात क्षणभर धर. लगेच काळी होईल. मग ज्योतीच्या अगदी बुडाशी बघ, बारीकशी निळी कड दिसेल. तिथे बाजूने हवा शिरते, त्यामुळे काजळी धरायच्या आत इंधन जळतं.

प्रयोगशाळेतला बर्नरही हेच सांगतो. हवेचं भोक बंद केलं की ज्योत पिवळी, उघडलं की निळी. गॅस तोच, त्यातले बंधही तेच.

उलट बाजूही बघ. तिहेरी बंधाचं इथाइन साध्या हवेत नुसता काळा धूर ओकतं. तेच वेल्डिंगच्या टॉर्चमध्ये शुद्ध ऑक्सिजनबरोबर जाळलं, की ज्योत ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि काजळीचं नाव नसतं.