फायबरसाठी वाटा द्यावा, पण दहा वर्षांची हमी देऊ नये

काटोल तालुक्यातील एका ग्रामपंचायतीच्या सरपंचताईंनी विचारले आहे: गावोगावी इंटरनेट पोहोचवण्याच्या केंद्र सरकारच्या भारतनेट योजनेची फायबर केबल आमच्या पंचायत कार्यालयापर्यंत आली आहे. तेथून घराघरांत जोडणी देण्यासाठी परिसरातील पाच ग्रामपंचायतींनी मिळून सार्वजनिक जाळे उभारावे, असा प्रस्ताव आहे. आमचा वाटा ९ लाख रुपयांचा आहे आणि पुढील दहा वर्षांत आमच्या गावापुरती जी तूट येईल, ती आम्ही भरून द्यायची आहे. गावात ४२० घरे आहेत, स्वनिधीत १२ लाख रुपये शिल्लक आहेत आणि घरपट्टीची वसुली ६० टक्क्यांच्या आसपास असते. आम्ही सहभागी व्हावे का?

सरपंचताई, सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात मुख्यतः कुटुंबांना सल्ला देतो. परंतु जामीन राहण्याचा प्रश्न कुटुंबापुढे असो वा पंचायतीपुढे, त्याचा हिशेब एकाच रीतीने करावा लागतो. तुमच्या पत्रात ९ लाखांची चिंता जास्त दिसते. मला मात्र त्यापुढच्या वाक्याची, म्हणजे तूट भरून देण्याच्या वचनाची काळजी वाटते. ९ लाख रुपये एकदाच जातील आणि किती गेले हे आपल्याला कळेल. तुटीला मात्र प्रस्तावात कमाल मर्यादाच घातलेली नाही.

प्रस्तावातील आकडे घेऊनच पाहू. तुमच्या गावात २५० जोडण्या होतील आणि दर महिन्याला प्रत्येकी ४०० रुपये मिळतील, असे त्यात गृहीत धरले आहे. म्हणजे १ लाख रुपये जमा होतील. पण हा दर १८ टक्के जीएसटीसह असल्याने कर वजा जाता सुमारे ८४,७०० रुपये उरतात, आणि त्यातील निम्मा वाटा सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा आहे. जाळ्याच्या हाती आले सुमारे ४२,३५०. लाइनमनचा पगार, वीज, दुरुस्ती आणि यंत्रे बदलण्यासाठीची तरतूद मिळून खर्च ३७,००० दाखवला आहे, तेव्हा महिन्याला पाच हजारांहून थोडे अधिक शिल्लक राहतात. आता जोडण्या २५० ऐवजी १५० झाल्या असे समजा. हाती येतील सुमारे २५,४००, खर्च मात्र तोच, कारण केबल आणि लाइनमन दोन्ही तेवढेच लागतात. महिन्याची तूट ११,६०० रुपये, वर्षाची सुमारे १ लाख ३९ हजार आणि दहा वर्षांची जवळपास १४ लाख. मूळ वाट्यापेक्षाही ही रक्कम मोठी आहे. तूट येऊ नये यासाठी किमान २१९ जोडण्या, म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक घरे, सतत दहा वर्षे टिकली पाहिजेत. आणि मोबाइलचा डेटा हाताशी असताना हे सोपे नाही.

अमेरिकेतील युटा राज्यात असेच घडलेले आहे. प्रोवो या शहराने २००४ च्या सुमारास ३ कोटी ९५ लाख डॉलरचे रोखे काढून स्वतःचे फायबर जाळे उभारले आणि २०१३ मध्ये ते गूगलला अवघ्या १ डॉलरला विकले. जाळे गेले, पण रोख्यांची परतफेड शहराकडेच राहिली आणि त्यासाठी प्रत्येक घराकडून दरमहा ५.३५ डॉलर घेतले जात होते. त्याच राज्यातील युटोपिया या संयुक्त जाळ्यासाठी ११ शहरांनी आपले विक्रीकराचे उत्पन्न तारण ठेवले होते. पुढे ते जाळे सावरले आणि वाढलेही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही सुरुवातीच्या कर्जाचा भार त्या शहरांच्या तिजोरीवरच पडला.

तूट आलीच तर ती भरणार कशातून, हेही पाहावे लागेल. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायत अनुदानातील ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, अबंधित ४० टक्क्यांतून पगार व आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता आणि त्या आयोगाचा कालावधीच २०२५-२६ पर्यंतचा होता. अशा निधीच्या भरवशावर दहा वर्षांचे वचन देता येत नाही. उरतो तो स्वनिधी. त्यातून ९ लाख काढले की ३ लाख राहतील, आणि नळयोजनेचा पंप जळाला किंवा पावसाळ्यात नाली खचली तर तेवढेच हाताशी असतील. ही शिल्लक मला अपुरी वाटते.

एवढे असूनही प्रस्ताव फेटाळा, असे मी म्हणणार नाही. संत्र्याचा नागपुरातील कळमना बाजाराचा भाव पाहायला शेतकऱ्याला, प्रवेशाचा अर्ज भरायला मुलीला आणि दाखला मिळायला म्हाताऱ्या माणसाला काटोलपर्यंत जावे लागू नये, ही तुमची तळमळ रास्त आहे. म्हणून माझा सल्ला असा की ९ ऐवजी ६ लाख द्यावेत, तेही काम होईल तसे तीन हप्त्यांत. बदल्यात गावातील पाइप, केबल आणि खांब यांची मालकी पंचायतीच्या नावे राहावी आणि तुटीची जबाबदारी वर्षाला जास्तीत जास्त ४० हजार, तीही पहिली तीन वर्षेच, असे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. घरोघरी इंटरनेट विकायला दूरसंचार परवाना लागतो, त्यामुळे सेवा परवानाधारक कंपनीच देणार. तेव्हा ग्राहक मिळवण्याचा धोकाही मुख्यतः तिनेच पत्करावा. मालकी हातात असली म्हणजे कंपनी नीट चालली नाही तरी दुसरी आणता येते. बाकीच्या चार गावांना हे मान्य नसेल, तर तूर्त बाहेर राहून पीएम-वाणी योजनेखाली शाळा आणि चौकात सार्वजनिक वाय-फाय सुरू करता येईल. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत असे केंद्र चालवायला परवाना लागत नाही, आणि गावात खरी मागणी किती आहे तेही त्यातून कळेल.

सही करण्याआधी बीएसएनएलच्या कार्यालयातून एक माहिती लेखी घ्या. भारतनेटच्या सुरुवातीच्या टप्प्यांत केबल एका ओळीत टाकली गेली, त्यामुळे रस्त्याच्या कामात जेसीबीने ती कुठे तोडली की पुढची सगळी गावे बंद पडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात हीच जोडणी वर्तुळाकार करायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते. तुमची पंचायत त्या वर्तुळात आली का आणि आली नसेल तर कधी येणार, हे कळल्याशिवाय पहिला हप्ता देऊ नका. मूळ केबलच आठवडाभर बंद राहत असेल तर गावातील जाळे कितीही चांगले असले तरी लोक पैसे भरणार नाहीत.

आणि ग्रामसभेपुढे ठराव ठेवण्याआधी घरोघरी नावनोंदणी करा, प्रत्येकी ५०० रुपये परत मिळण्याजोगी अनामत घेऊन. हात वर करणारे पुष्कळ असतात. पैसे ठेवणारे किती ते मोजायचे आहे. ही नोंदणी संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे हाती आल्यावर नव्हे, तर त्याच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरच्या ओढग्रस्तीत करा. त्या दिवसांत २१९ घरे अनामत देतात का ते पाहा आणि तो आकडा मला कळवा.