अवधाण, काखमांजरी आणि लसीका ग्रंथी

प्रश्न असा आहे: पायाला जखम झाली की जांघेत येणाऱ्या गाठीला ‘अवधाण’ म्हणतात, मग काखेत आली की तीच ‘काखमांजरी’ का? आणि या दोन्हींना ‘लसीका ग्रंथी’ (जंतू अडवणाऱ्या शरीरातल्या लहान गाठी, लिम्फ नोड) म्हटलं तर चालेल का?

काखमांजरी वेगळी. ते कातडीतलंच गळू. लाल होतं, तोंड धरतं, कातडीबरोबर हलतं. अवधाण कातडीच्या खाली असतं, वरची कातडी त्यावरून सरकवता येते. हात चिघळून काखेत गाठ आली तर तेही अवधाणच.

लसीका ग्रंथी मात्र निरोगी माणसालाही असतात (‘ग्रंथी’ म्हणतात खरं, पण त्या काही स्रवत नाहीत). जांघेत तर एक ते दीड सेंटिमीटरपर्यंतच्या, मऊ, न दुखणाऱ्या गाठी अनेकांच्या हाताला लागतात. त्यांना अवधाण म्हणू नये. दुसरीकडची जखम किंवा पू यामुळे सुजून दुखू लागलेली गाठ म्हणजे अवधाण. शब्दातच कारण आहे, म्हणून तपासतानाही तो उपयोगी पडतो: गाठ सापडली की बोटांमधल्या चिखल्या, टाचेच्या भेगा, नखांचे कोपरे, कुल्ल्यावरचे फोड पाहायचे.

चाचपायची रीत अशी. उताणं झोपवून गुडघा किंचित दुमडायचा, म्हणजे जांघ सैल पडते. दोन-तीन बोटांच्या पेरांनी, हलक्या दाबाने, छोटी वर्तुळं काढत आधी जांघेच्या घडीलगतची आडवी रांग, मग मांडीच्या आतल्या अंगाने उतरणारी उभी रांग. जोर लावला तर लहान गाठ निसटते. ठोके लागले तर ती धमनी. खोकायला लावल्यावर फुगवटा बोटांवर आदळला तर हर्निया. गाठ मात्र बोटाखाली खालीवर आणि आडवीही सरकवता येते.

गंडमाळा हा मानेतल्या गाठींचा शब्द: अनेक, एकमेकींना चिकटलेल्या, बहुधा क्षयाच्या. त्यांना कोणी अवधाण म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. कुठेही दगडासारखी कडक, जागची न हलणारी गाठ असेल, हासळीच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) वरच्या खळगीत कितीही लहान गाठ लागली किंवा चार-सहा आठवड्यांत गाठ ओसरली नाही, तर ‘अवधाण असेल’ म्हणून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावी.

लिहिताना ‘ण’ सांभाळा. ‘अवधान’ म्हणजे लक्ष.