नाताळ आणि पपा

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. चर्चमधल्या गाण्यांचा ग्रुप, म्हणजे क्वायर, तुझ्याकडे आहे, २४ च्या रात्रीची मिस्सा (नाताळची प्रार्थनाविधी) तोंडावर आलीय, आणि घरी पपांचं विसरणं इतकं वाढलंय की रात्री उठून ते दार उघडून वाडीत चालायला लागतात, मम्मीला आता एकटीला झेपत नाही. देवाचं आधी करू की घरचं, असं तू विचारलंस, आणि वर संतांनी पण घर सोडलंच ना असंही लिहिलंस.

कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाला, मी तुमच्याकडून दहा आज्ञा घोकून घ्यायचे तेव्हा तिसरी आणि चौथी लागोपाठ यायच्या, पवित्र दिवस पाळ आणि आईबापाचा मान राख. या दोघींमध्ये भांडण आहे असं तुला वाटतंय, मला अजिबात वाटत नाही. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय काढून वाच. तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते मी देवाला अर्पण केलंय, असं आईबापाला सांगून लोक मोकळे व्हायचे आणि धर्माची जाणकार माणसं ते चालवून घ्यायची, त्यावर येशू किती कडक बोललाय बघ. म्हणजे आईबापाच्या वाट्याचं काढून देवाला दिलेलं देवालाच नकोय. आपल्याकडे सणाला मंडप, लायटिंग, बँड यावर एवढा खर्च आणि धावपळ होते, मला आनंदच आहे, सण थाटातच व्हायला पाहिजे, पण त्या धावपळीत कोणाच्या घरी म्हातारं माणूस कुलपाआड बसलेलं असेल तर मला ते सहन होत नाही.

संतांचं म्हणशील तर आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया लहान वयातच घर सोडून गेला, १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मेला, १८६२ ला पोपनी त्याला संत म्हणून जाहीर केलं. त्याने आख्खं आयुष्य दिलं गं. एका रात्रीच्या क्वायरसाठी त्याचा दाखला देऊ नकोस. (त्याची आई आपल्या इथलीच होती म्हणतात, तिचं म्हातारपण कोणी बघितलं असेल हे माझ्या मनात येतंच.)

आता नियमाचं. आपल्या देशात रविवार सोडला तर बंधनाचे सण, म्हणजे मिस्साला जायलाच हवं असे, दोनच, नाताळ आणि १५ ऑगस्टचा मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा. आजारपण, तान्हं बाळ अशा गंभीर कारणाने मिस्सा चुकली तर पाप लागत नाही, हे चर्चच शिकवतं, तुझ्या बाबतीत काय ते फादरना सरळ विचार, मनात कुढत बसू नको. शनिवारी संध्याकाळची मिस्सा पण रविवारची धरतात, तू आणि मम्मी आलटून पालटून जा. पण पपांचं कारण सांगून मिस्साच सोडून देशील तर ते मला पटणार नाही, तुला बळ तिथूनच मिळणार आहे.

आणि पपांना लपवू नका प्लीज. २५ ला सकाळच्या मिस्साला आणा, बाजूच्या दाराजवळच्या बाकावर टोकाला बसवा, अस्वस्थ झाले तर बाहेर न्या, कोणी वळून बघितलं तर बघू दे. विसरणाऱ्या माणसांना बरेचदा जुनी गाणी आठवत असतात, तेव्हा नव्या गाण्यांत एक तरी त्यांच्या काळातलं मराठी गाणं ठेव, ते तुझ्याच हातात आहे. घरी येशूजन्माचा गोठा करताना नाचणी पेरायची वाटी त्यांच्या हातात दे. सांडली तर सांडली. नाताळच्या फराळाचे फुगे तळशील तेव्हा पहिला त्यांना दे.

ते पाचव्यांदा विचारतात आज वार कोणता, आणि तुझा आवाज चढतो, मग रात्री तू रडतेस. बायबलमधल्या बेनसिराच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात हेच आहे, बापाची बुद्धी मंदावली तरी त्याला समजून घे, तू धडधाकट आहेस म्हणून त्याचा अपमान करू नको. इतक्या जुन्या काळीसुद्धा कोणाच्या तरी घरात हे चालू होतं, म्हणून तर लिहिलं ना. आवाज चढला तर थोडा वेळ ओट्यावर जाऊन बस आणि परत ये.

तुझा दादा कतारहून पैसे पाठवतो, चांगलं करतो, पण पैशाने रात्री दाराशी कोण बसणार? त्याला फोन करून स्पष्ट सांग या वर्षी सुट्टी टाकून ये म्हणून. लाजू नकोस, चौथी आज्ञा त्यालाही आहे.

पोप फ्रान्सिसनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांसाठी आणि वृद्धांसाठी ठेवलाय. मला वाटतं त्या दिवशी नुसती फुलं देऊन थांबू नये, चर्चच्या युथ ग्रुपच्या पोरांनी अशा घरांत दोन-दोन तास बसायची पाळी लावावी, वर्षभर. तू मीटिंगमध्ये विषय काढ, मी पाठीशी आहे.

या नाताळचं म्हणशील तर २४ ला मी संध्याकाळचीच मिस्सा करते आणि नऊ वाजता तुमच्याकडे येते. मम्मीलाही बरोबर घेऊन जा, किती वर्षं तिने रात्रीची मिस्सा ऐकली नाही. पपांची झोपेची गोळी आणि दाराची किल्ली कुठे असते ते मेसेज करून ठेव.

तुझी टीचर