नवख्या वक्त्यांची तयारी कशी करून घ्यावी?

सॉफ्टवेअरवरची एक दिवसाची परिषद भरवताय, दोनशे श्रोते, आठ वक्ते आणि त्यातले सहा पहिल्यांदाच मंचावर, असं असेल तर हॉल आणि जेवणाच्या आधी तालमींच्या तारखा ठरवा. प्रत्येकाच्या तीन: चार आठवडे आधी फक्त मुद्द्यांवर, दोन आठवडे आधी घड्याळ लावून पूर्ण भाषण, आणि आदल्या संध्याकाळी प्रत्यक्ष हॉलमध्ये.

पहिल्या तालमीत स्लाइड उघडूच देऊ नका. ऐकून गेलेला माणूस आपल्या कामात नेमकं काय बदलेल, एवढंच विचारा. त्याचं उत्तर एका वाक्यात येईपर्यंत पुढे जाऊ नका. नवखा वक्ता हमखास पहिली दहा मिनिटं पार्श्वभूमीत घालवतो: काफ्का (प्रोग्रॅममधले संदेश साठवून पुढे पोचवणारी प्रणाली) म्हणजे काय, टीममध्ये कोण कोण. खरा मुद्दा शेवटी घाईत गुंडाळला जातो. म्हणून सुरुवातच बिघाडापासून करायला लावा. काफ्कावरच्या भाषणात, समजा: टॉपिकची (संदेशांच्या प्रवाहाची) पार्टिशन, म्हणजे भाग, १२ आणि ग्रुपमध्ये कन्झ्युमर, म्हणजे संदेश वाचणारे प्रोग्रॅम, २०. एका भागाला ग्रुपमधला एकच वाचक, म्हणजे आठ नुसते बसलेले आणि लॅग, म्हणजे वाचायच्या राहिलेल्या संदेशांचा साठा, वाढतोच आहे. लॅगचा हा आलेख समोर आला की काफ्काची ओळख दोन वाक्यांत उरकते, आणि लोक कान देऊन ऐकतात.

स्लॉट ३० मिनिटांचा असेल तर भाषण २२ मिनिटांचंच बसवा. ओळख, माइक लावणं, लॅपटॉप जोडणं यात तीन मिनिटं जातात, प्रश्नांना पाच लागतात. तालमीत वेळ वाढला तर भरभर बोलायला सांगू नका, एक अख्खा मुद्दा काढून टाका. वक्त्याला वाईट वाटतं, पण इथे ठाम राहा.

कोड एका स्लाइडवर १०-१२ ओळी, अक्षर किमान २८ पॉइंट, पांढऱ्यावर काळं. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. दिवे चालू असलेल्या हॉलमध्ये डार्क थीम राखाडी होते आणि करड्या अक्षरांतल्या कॉमेंट (कोडमधल्या टिपा) दिसेनाशा होतात. डेमो हॉलच्या वायफायवर सोडू नका, त्याचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर तयार हवं.

कॉलर माइकवर ओढणी, मंगळसूत्र किंवा आयकार्डची दोरी घासली की सतत खरखर येते. हेडसेट माइक मिळाला तर तोच घ्या, आयकार्ड मंचावर चढण्याआधी काढायला लावा, आणि वायरलेस माइकचे सेल जेवणाच्या सुट्टीत न विसरता बदला.

सूत्रसंचालकाने प्रत्येकाच्या नावाचा उच्चार त्यालाच विचारून लिहून ठेवावा. श्रोत्याचा प्रश्न माइकवरून परत सांगावा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये फक्त उत्तरं उरतात. पहिल्या रांगेतून १०, ५ आणि १ मिनिटाचे फलक दाखवायला एक माणूस नेमा.

आदल्या संध्याकाळी मजकुराला कोणी हात लावायचा नाही. प्रत्येकाने आपल्याच लॅपटॉपवरून, आपल्याच अडॅप्टरने पहिल्या तीन स्लाइड पडद्यावर दाखवायच्या, क्लिकर चालवून बघायचा आणि घरी जायचं. त्या वेळी दिलेली नवी सूचना दुसऱ्या दिवशी मंचावर अडखळायला लावते.