कोरड्या त्वचेसाठी मधाचा लेप: आधी एवढं करा

पहिल्यांदाच लावणार असाल तर मधात दोन थेंब पाण्याशिवाय काहीही मिसळू नका. लिंबू तर अजिबात नको, कोरडी त्वचा आधीच नाजूक झालेली असते, तिला ते झोंबतं.

मधात साधारण 80 टक्के साखर असते आणि ती पाणी धरून ठेवते. म्हणून लेप नेहमी ओलसर चेहऱ्यावर लावायचा. चेहरा धुतल्यावर टॉवेलने नुसतं टिपून घ्या, हाताला दमटपणा लागला पाहिजे. मग चमचाभर मध बोटांवर घेऊन त्यात दोन थेंब पाणी घाला, म्हणजे तो ओढल्यासारखा न चिकटता सहज पसरतो. मध साखरेसारखा दाणेदार झाला असेल तर वाटी कोमट पाण्यात ठेवून आधी पातळ करा. ते दाणे गालावर चोळले तर ओरखडू शकतात.

दहा-पंधरा मिनिटं पुरेत. कोमट पाण्याने धुवा, गरम नको.

आता खरं महत्त्वाचं, जे बहुतेकजण सोडून देतात: चेहरा ओला असतानाच लगेच मॉइश्चरायझर लावा. मधाने आणलेला ओलावा वरून झाकला नाही तर थोड्याच वेळात त्वचा पुन्हा ताणल्यासारखी वाटते.

आठवड्यातून एक-दोनदा बास. आणि हो, आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा मध लावून बघा. परागकणांची किंवा मधमाशीच्या पदार्थांची अ‍ॅलर्जी असेल तर हा प्रयोगच नको. त्वचेला भेगा पडून रक्त येत असेल तर थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.