वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : कापड उलटे करून पाहा

प्रश्न : मुलीच्या लग्नासाठी पैठणी घ्यायची आहे. प्रत्येक दुकानात ‘हातमागाचीच आहे’ असे सांगतात. खात्री कशी करावी? आणि असे विणकाम फक्त आपल्याच भागात होते का? (एक वाचक, अंबड, जि. जालना)

उत्तर : पदर उलटा करून उजेडात धरावा. पैठणीच्या पदरावरील मोर, मुनिया किंवा असावलीची वेल हे विणकामातच घडत जाते. प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी कांडी असते आणि तो आडवा धागा पन्ह्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत न जाता आपल्या आकृतीपुरताच जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे वळतो. मुनियाची आकृती जिथे संपते तिथे तिचा धागा वळलेला असतो आणि लगेच जरीचा धागा सुरू होतो. त्यामुळे पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रमागावरील नकलेत मात्र रंगीत धागे मागच्या बाजूने लांबवर ओढलेले असतात, किंवा ते कापून टाकल्यामुळे त्यांची टोके हाताला लागतात.

येथे एक सावधगिरी हवी. हातमागालाही जॅकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे उचलणारे यंत्र, जोडून जरीकाम करतात आणि अशा साडीच्या मागेही मोकळे धागे दिसतात. ती साडी खोटी नव्हे, परंतु पैठणीची जुनी रीत ती नाही, आणि दोन्हींची किंमत एकच सांगितली जात असेल तर आपण अवश्य हटकावे. ‘सिल्क मार्क’ची खूण रेशीम शुद्ध असल्याची ग्वाही देते, साडी हाताने विणली की यंत्रावर, हे ती सांगत नाही. त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ ही वेगळी खूण आहे. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी मानांकन आहे म्हणून दुकानातील प्रत्येक साडी आपोआप अस्सल ठरत नाही. भरजरी पदर विणण्यात कारागिराचे काही महिने जातात, तेव्हा फार स्वस्तात मिळणाऱ्या ‘अस्सल’ पैठणीविषयी शंका घेणे रास्तच आहे.

ही विणकामाची रीत जगात इतरत्रही आहे आणि ते जाणून घेतल्याने पैठणीची थोरवी अधिकच कळते. काश्मीरची कानी शाल याच तत्त्वावर विणतात. तिथे पश्मिन्याचे रंगीत धागे लहान लाकडी काड्यांवर गुंडाळलेले असतात आणि त्या काड्यांनाच कानी म्हणतात. चीनमधील केसी हे रेशमी वस्त्रही दोन्ही बाजूंनी सारखे दिसते, मात्र त्यात दोन रंगांच्या उभ्या सीमेवर धागे आपापल्या बाजूने परत फिरतात आणि मध्ये बारीक फट राहते. आपले विणकर दोन्ही धागे एकमेकांत गुंतवतात, त्यामुळे पैठणीत ती फट राहत नाही. निऱ्या घालून नेसायच्या, अंगावर वागवायच्या वस्त्राला हीच बांधणी शोभते असे आम्हाला वाटते.

प्रश्न : आजोबांची निजाम काळातील शेरवानी घरात आहे. बाहेरून ती चमकदार, पट्ट्यापट्ट्यांची आहे आणि आतून साधे सुती कापड लागते. हे हिमरू म्हणायचे का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : आपल्या वर्णनावरून ते मशरू असावे. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ही दोन्ही कापडे विणली जात, म्हणून घराघरांत नावांची सरमिसळ होते. हिमरूमध्ये ताणा, म्हणजे उभे धागे, सुती असतो आणि नक्षीसाठी रेशमाचा जादा बाणा, म्हणजे आडवे धागे, घालतात. नक्षी नसेल तिथे हे रेशीम मागच्या बाजूला मोकळे सुटते. त्या सुट्या धाग्यांच्या थरामुळेच हिमरूची शाल ऊबदार होते. मशरूमध्ये ताणा रेशमी आणि बाणा सुती असतो. ताण्याचा प्रत्येक धागा बाण्याच्या अनेक धाग्यांवरून जात असल्याने दर्शनी बाजूस सगळे रेशीम येते आणि अंगाला सूत लागते. शुद्ध रेशीम अंगाशी न नेसण्याचा धार्मिक दंडक पाळणाऱ्या मुस्लिम पुरुषांसाठी ही सोय होती, आणि आपल्या उन्हाळ्यात ती सर्वांनाच मानवली. गुजरातेत पाटण आणि मांडवी येथे मशरू विणतात. तुर्कस्तानातील गाझिआंतेप शहराचे कुतनू कापडही याच घडणीचे आहे.

शेरवानीचे कोपर आणि घड्यांच्या रेषा तपासून पाहाव्यात. तिथे वरचे रेशीम झिजून खालचे सूत उघडे पडले असेल, तर मशरूची खूण पक्की समजावी. यापुढे मात्र तिची घडी घालू नये. मांजरपाटाच्या धुतलेल्या कापडात ती सैल गुंडाळून ठेवावी, प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नको. इस्त्री आणि धुलाई दोन्ही टाळावे.

प्रश्न : धनगरी घोंगडे नवे घेतले, ते फार कडक आहे आणि टोचते. मशीनमध्ये धुतले तर चालेल का? (एक वाचक, पाटोदा, जि. बीड)

उत्तर : मशीनमध्ये आणि गरम पाण्यात कदापि नको. विणण्यापूर्वी लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, कडकपणा बराचसा तिचाच असतो. थंड पाण्यात बुचकळून, न पिळता, सावलीत आडवे पसरून वाळवल्यास तो कमी होतो. दख्खनी मेंढीची लोकर मुळातच जाड असल्याने थोडे टोचणे राहील आणि वापरून ते आणखी कमी होईल. गरम पाणी आणि घुसळण यांमुळे लोकरीचे तंतू एकमेकांत घट्ट बसतात आणि कापड आटते. स्कॉटलंडच्या बेटांवर हॅरिस ट्वीड हे लोकरी कापड विणल्यावर ते मुद्दाम असे घट्ट करतात. त्या कापडासाठी 1993 साली स्वतंत्र कायदा झाला आणि बेटांवरील विणकराने स्वतःच्या घरी हाताने विणलेल्या कापडालाच ते नाव लावता येते. घोंगड्याच्या विणकरांनाही असे संरक्षण मिळावे, अशी आमची मनापासूनची मागणी आहे. आपले घोंगडे वाळल्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावे आणि पावसाळा संपताच एकदा उन्हात झटकावे.